पासंग

घोडपदेवच्या आमच्या बाजारगल्लीत
सतरा दुकानं. उघडी सहा.
बाकीच्या शटरांचा रंग कुठला, विचाराल
तर राखाडी म्हणा, गंज म्हणा,
नाहीतर म्हणा, कोर्टात आहे.

तिथे एका रविवारी पोरं आली
खांद्यावर शिड्या, बादल्यांत ब्रश.
ऋजुता नावाची पुढारीण म्हणाली,
गल्ली जिवंत करायचीय आम्हाला.
अब्बासभाई सुतळीवाले खुर्चीतूनच म्हणाले,
"मेली कधी? आम्हाला कळवलं नाही कुणी."

पण चहा त्यांनीच सांगितला. अकरा कटिंग.

बामणे शिंप्याच्या बंद दारावर उमटला
मशीन चालवणारा ऑक्टोपस,
आठ बाह्यांचा सदरा बेतत बसलेला.
बामणे असते तर शिलाईही आठपट लावली असती.
रेशनच्या दुकानावर भाताचं शेत लोंबीला आलं
शेजारचा फळा मात्र तसाच राहिला:
तांदूळ – शिल्लक नाही.

माझ्या शटरवर तराजू.
आप्पांचा धंदा तिने विचारून घेतला होता.
उजव्या पारड्यात कापसाची अख्खी गासडी,
डाव्या पारड्यात गल्लीतला बोका, झोपलेला.
सुरेख होतं. डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू.
तरी तोंडातून गेलंच,
"काटा डावीकडे गेलाय बाई. गुंजभर."
"त्याने चित्रात हालचाल येते, मावशी."
"वजनमाप्याच्या साहेबाला हालचाल चालत नाही."
ती हसली. मीही हसले.
आप्पा हसले नसते.

मग माणसं यायला लागली
सकाळच्या उन्हात, चांगले कपडे घालून.
कोपऱ्यावर कुणी सोलकढी विकायला उभा राहिला.
दिव्यांसाठी तीन वर्षं अर्ज घालत होतो आम्ही;
चित्रांना आठवड्यात मिळाले दिवे.

एकच अडचण.
चित्र दिसतं, दुकान बंद असतं तेव्हा.

"मावशी, दहा मिनिटं उशिरा उघडाल?"
उघडते.
"अजून एक, फक्त एक."
घे.
परवा एकजण फार अदबीने म्हणाला,
शनिवार-रविवार बंदच ठेवलंत तर
गल्लीसाठी किती छान होईल.
हातात किल्ली होती माझ्या.
गल्ली म्हणजे कोण, एवढंच विचारायचं होतं,
पण तो तोवर ऑक्टोपसकडे वळला होता.

आणि हेही सांगायला हवं, नाहीतर माप खोटं होईल:
त्याच गर्दीतली एक मुलगी, शाल्मली का काहीतरी,
दुसऱ्या दिवशी परत आली.
रुमालात आजोबांचा सोनारी काटा,
पितळेचा, दांडी वाकलेली, एक पारडं हरवलेलं.
"होईल का हो हा?"
चार वर्षांत मला कुणी हे विचारलं नव्हतं.
लोक विचारतात, इलेक्ट्रॉनिक आहे का.

त्या रात्री शटर ओढलं.
पालिकेच्या नव्या दिव्याखाली उभी राहिले.
पोरांनी ठेवून गेलेल्या डब्यात
तळाला काळा रंग होता, साय धरलेला.
साय बोटाने बाजूला केली
आणि गासडीकडच्या साखळीला, वरच्या कडीपाशी,
एक वळसा काढला तारेचा,
नखाएवढा.
मागे सरून डोळा बारीक केला.
अजून अर्धा वळसा.
बस.

फोटोत तो रंगाचा ओघळ वाटतो.
अब्बासभाई तेवढे थांबले सकाळी,
चष्मा वर केला, म्हणाले,
"बोका आता बरोबर तोलला जातोय."

दहाला शटर वर गेलं, कुरकुरत.
आधी दांडी गुंडाळली गेली, मग काटा,
मग माझा वळसा, मग साखळ्या,
शेवटी बोका, तसाच झोपेत.
आत बाकावर सोनारी काटा होता.
दिवा लावला,
कानस शोधायला बसले.