हय आणि ना

नेवऱ्याच्या खाजनात आम्ही सळ्या रोवल्या, बेचाळीस.
प्रत्येकीला तीन डोळे: तळाशी, मध्ये, वर.
पैसे कमी पडले, म्हणून डोळे स्वस्तातले.
पाणी किती खारं, ते त्यांना सांगता येत नाही;
ठरल्या रेषेच्या वर गेलं तर एक,
नाहीतर शून्य.
तासातासाला.

जागा, खोली, वेळ:
माझ्या पडद्यावर त्यांचा एक ठोकळा,
कुणी उडीद-तांदूळ एकत्र सांडावेत तसा,
आणि त्यातून मला पाणी परत हवं होतं.

मानशीची फळी वरखाली करणारा इनास
बोट बुडवून जिभेला लावायचा.
हय, म्हणायचा. किंवा ना.
किती, असं विचारलं की नुसता हसायचा.
एका दुपारी मात्र त्याने बांधावर पाच पेले मांडले.
पाणी तेच.
मीठ पहिल्यात एक चिमूट, दुसऱ्यात दोन,
असं चढत.
चाखत गेला. ना. ना. ना. हय.
"चार चिमटी उणं होतं," म्हणाला. "काल तीनच."

पुस्तकात याला अडीच पानं लागतात:
मोजण्याआधी आपणच घातलेला,
आपल्याला ठाऊक असलेला गोंधळ.
दुसऱ्या दिवसापासून मी डोळ्यांच्या रेषा हलवू लागले,
कधी वर, कधी खाली, नोंद ठेवून.

आठ महिने. सव्वासात लाख उत्तरं,
आणि त्यांच्यामागे हलवणारे हात जेमतेम तीन.
पहिला चंद्राचा.
दुसरा जुवारीचा, वरचं गोडं पाणी घेऊन येणारा.
तिसऱ्याला नाव सापडेना.
भरतीशी त्याचं जमत नव्हतं.
शुक्रवारी रात्री दोनच्या सुमारास यायचा,
तळाच्या डोळ्यांना आधी दिसायचा,
मानशीपाशी ठळक,
कोरगुटाच्या शेतांपर्यंत जाता जाता पुसट.
शनिवारी आगशीच्या बाजारात सुंगटं भरपूर असतात.

इनासला विचारलं, रात्री फळी कोण उचलतं?
ना, म्हणाला.
माझ्या प्रश्नाचं हे उत्तरच नव्हतं.

मी बांधावर बसून राहिले.
त्याच्या गुडघ्याबद्दल विचारलं.
कुवेतला गेलेल्या लेकाचं पत्र आलं का, विचारलं.
मग फळीबद्दल, जरा बाजूने.
ना.
यंदा भात किती खंडी झालं,
खालच्या वाफ्यांत पाणी शिरलं तेव्हा कुणाचं गेलं,
आणि पुन्हा फळी.

या वेळी ना यायला
उचललेली फळी खाली बसावी
इतका वेळ लागला.