खोली चौदाची नोंदवही

या खोलीत पूर्वी साळीचं बी तपासत.
बरण्या एकशे बारा, तराजू दोन,
भिंग एक, तडा गेलेलं.
कृषी विभाग नव्या इमारतीत गेला, बरण्या इथेच राहिल्या
आणि त्यांचा हिशेब माझ्या गळ्यात पडला.
मी कुल्याश, विद्यापीठाची भांडारपाल,
तिन्ही प्रतींवर सही माझी.

मार्चमध्ये डीन साहेब स्वतः तळमजल्यावर उतरले.
म्हणाले, इथे पूर्वेकडच्या भाषांचं केंद्र होणार,
कोरियन, चिनी, जपानी.
मी विचारलं, खुर्च्या किती?
ते म्हणाले, तुम्हाला सगळीकडे खुर्च्याच दिसतात.
दिसणारच. आईची सोडली
तर उभ्यानं कुठली भाषा शिकलंय कोणी?

घोडं अडलं पाटीवर.
कझाख वर, रशियन खाली, एवढं ठरलेलं;
उरलेल्या तीन लिप्यांचा क्रम लावताना
तीन बैठका झाल्या, अकरा किटल्या चहा.
शेवटी रंगारी वैतागून म्हणाला, गोल पाटी करा.
गोल पाटी नियमात बसत नाही.
दारावर अजून कागदच आहे, खळीनं डकवलेला.
सिर-दर्याकडून वारा सुटला की त्याचा कोपरा उचलतो,
मी जाता-येता अंगठ्यानं दाबते.

जपानीची पुस्तकं आली, शिक्षक आले नाहीत.
त्यातली सहा उलट्या बाजूनं उघडणारी.
मी आधी लिहिलं, सदोष माल.
मग खोडलं.

चिनीचे गुओ सर लान्झौहून आले,
खिडकीवरून बोट फिरवून म्हणाले,
ही धूळ ओळखीची आहे.

कोरियनच्या पांग बाई फार तर सव्वीसच्या,
आमच्या थंडीत पातळ बूट घालून.
त्यांनी विचारलं, या बरण्या कधी हलवणार?
मी म्हटलं, लेखी द्या.

त्याच आठवड्यात क्लावदिया ओगाय आली.
हिनं एकतीस वर्षं या खोलीत दाणे मोजले:
शंभर दाणे ओल्या फडक्यात, सात दिवस,
मग किती उगवले, किती मेले.
सदतीस साली तिच्या आईला
आगगाडीतून या ओसाडीत उतरवलं,
तेव्हा जाकिटाच्या शिवणीत बी होतं म्हणे.
कधी सांगते जाकीट, कधी उशी.
मी दोन्ही खरं धरते.

लोणच्याला रिकामी बरणी मागायला आली होती.
आत वर्ग चालू, म्हणून दारातच थांबली.
पांग बाई फळ्यावर लिहीत होत्या:
मो म्हणजे रोप,
प्यो म्हणजे शेतात उभी साळ,
स्साल म्हणजे तांदूळ,
आणि ताटात आला की बप.
झानसाया मागून म्हणाली, आमचं एकाच शब्दात भागतं, कुरिश.
(तिच्या पणजीला विचारायला हवं होतं
कोणत्या साली किती भागलं.)

तेवढ्यात दारातून आवाज आला: पाबी.

पांग बाई वळल्या, हसल्या.
बप, आजी. शेवटचं बी नको.

क्लावदियानं डोक्यावरचा रुमाल सारखा केला.
आमच्यात असतं, म्हणाली,
आणि पुन्हा म्हणाली, पाबी,
ओल्या फडक्यावर दाणा ठेवावा
तितक्या हळू.

वर्ग गप्प. गुओ सरसुद्धा शेजारच्या दारात,
हातात टेबल टेनिसची बॅट.
पांग बाईंनी फळ्याकडे पाहिलं,
मग खडू पुढे केला.
क्लावदियाला ती लिपी लिहिता येत नाही.
तिनं रशियन अक्षरांत लिहिलं,
बी तपासणीच्या तक्त्यावर लिहायची तसं,
तिरकं, खाली तारीख घालून.

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर अर्ज:
बरण्या असू द्याव्यात.
तीन ओळींत चार चुका, शिक्का बरोबर.
त्या कोणत्या रकान्यात घालू, हे डीन साहेबांनाही सुचेना.
कृषी साहित्य नाही, फर्निचर नाही.
तूर्त मी पेन्सिलीनं लिहिलंय: शब्द, एकशे अकरा.
एक बरणी क्लावदिया घेऊन गेली. पावती नाही.

मंगळवारी ती खिडकीपाशी बसते,
घरून आणलेल्या तिपाईवर,
जी माझ्या यादीत नाही.
खुर्च्या अजून चार कमी आहेत.