दशा

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी
काटा अठ्ठावीस अँपिअरवरून बेचाळीसवर गेला,
तिथं जरा थरथरला,
आणि पॅनेलमध्ये टक् झालं.
मग शांतता.
अक्कलकोट रोडच्या आमच्या पंपहाऊसवर
शांतता म्हणजे वाईट बातमी.

दुसरा पंप वाइंडिंगला गेलाय, सव्वा महिना झाला.
हा एकटाच, वीस हॉर्सपॉवरचा,
नऊ मीटर खाली, गावाच्या घाणीत मानेपर्यंत बुडून
न कुरकुरता काम करायचा.

आमच्या नळाला पाणी पाचव्या दिवशी येतं.
कधी पहाटे, कधी भर दुपारी,
बायका पिंपं मांडून कान लावून बसतात.
इथं मात्र ते रोज येतं,
अमावस्येला, गड्ड्याच्या जत्रेत, सुतकात,
आणि मी त्याचा रंग बघून वार सांगू शकतो.
डाईंगवाल्यांची सुट्टी असली की नुसतं करडं.
आज जांभळट होतं. चढत होतं.
नारिंगी फ्लोट हळूहळू वर येत होता,
एखाद्या बिनचेहऱ्याच्या डोक्यासारखा.

ठेकेदाराला फोन लावला.
झोपेतच म्हणाला, कुणाला तरी उतरव रे,
दहा मिनिटांचं काम, हजार देऊ.

'कुणाला तरी' या माणसाला मी ओळखायचो.
त्याचं नाव हणमंतू होतं.
कमरेला दोर, तोंडाला ओला पंचा,
आणि वर कठड्यावर ठेवलेला अर्धा कप चहा.
तो चहा नंतर मीच ओतून दिला.
कुठं ओतणार? याच विहिरीत.

म्हटलं, साहेब, चेन आहे.
फोन ठेवला आणि मौलालीला उठवलं.

चेन ब्लॉक ओढायला दोन माणसं लागतात
आणि बोलणं बंद ठेवावं लागतं.
कडी कडी कडी कडी.
चाळीस मिनिटांनी तो वर आला,
डोहातून म्हैस निघावी तसा,
काळा, जड, सगळीकडून गळत.
मौलालीनं पाइप मारला. मी एकोणीसचा पाना लावला.

इंपेलरला सुताचा गोळा.
वर यंत्रमाग जे तोडून टाकतात
ते खाली यानं पुन्हा पिळून ठेवलेलं:
लाल, हिरवं, केस, विडीचा दोरा, पुन्हा लाल.
चाकूनं कापत गेलो. मधोमध टॉवेल निघाला,
अर्धाच, निळ्या काठाचा,
त्यावर विणलेलं: सुस्वाग
पुढचं फाटून गेलेलं.

तेलाचा स्क्रू उघडून बघितला.
तेल चहासारखं झालं असतं तर सील गेलं, संपलं.
तेल तेलच होतं.
मौलालीनं कपाळाला हात लावला, त्याच हातानं,
मग आठवलं त्याला, आणि हसला.

पावणेपाचला पंप रेलवरून खाली सरकला,
बुडाशी ठक्क बसला.
काटा सत्तावीस.
पायाखालची पाइपलाइन धडधडायला लागली,
आणि ठेकेदाराचा फोन आला: झालं का?

घरी माझ्यासाठी एक वेगळं पिंप असतं,
झाकणावर दगड. अम्मा त्याला कुणाला हात लावू देत नाही.
आज चौथा दिवस, तरी दोन बादल्या मिळाल्या.
आंघोळ करून आलो तर ती मशीनवर बसलेली,
शेजारी टॉवेलांची चळत, डझनाला अठरा रुपये.
मी रात्रीचं सांगितलं. वास, गॅस, हजार रुपये,
यातलं तिनं काही विचारलं नाही.
विचारलं, दशा सोडल्या होत्या की दुमडून शिवला होता?
दुमडून.
टीप?
शेवटी शेवटी तिरकी गेलेली.

"नादि कादु," ती म्हणाली. माझी नव्हे.
सुईत दोरा घातला, चाक फिरवलं,
अर्धा काठ शिवून थांबली.
"लाईट गेली असताना शिवला असेल,
तर सांगता येत नाही."