लहान बटण

पाणी पाचव्या दिवशी येतं, तेही रात्री अडीचला.
नीलमनगरात गजर लावत नाही कुणी.
नळ आधी शिंकतो, मग खोकतो,
आणि गल्लीभर ड्रम सरकायला लागतात.

अम्माच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं,
डॉक्टर म्हणाले, उकिडवं बसणं आता बंद.
म्हणजे कमोड.
मी कारखान्यात टॉवेलच्या बिलबुकाच्या पाठीवर
हिशेब मांडला:
एका ओढीला दहा लिटर, माणसं चार,
दिवसाला पाच वेळा, दिवस पाच.
बरोबर हजार.
गच्चीवरची काळी टाकीही हजारचीच.
मग भात कशात शिजवायचा?

विजापूर वेशीत तय्यबभाईंच्या दुकानात
पांढरी भांडी ओळीनं बसली होती
तोंडं उघडून,
पंगतीत अजून वाढपी आला नाही तशी.
'हे भिंतीतल्या टाकीचं, एकदम फॅशनेबल.'
'बिघडलं तर?'
'टाइल फोडायची.'
अम्मा पुढं सरकली, वॉकर टेकत.
'हे दोन बटणांचं. लहान दाबलं तर तीन लिटर,
मोठं दाबलं तर सहा.'
'तीनमध्ये जातंय?'
'जातंय की, अम्मा.'
'पाणी टाकून दाखव.'

तय्यबभाई हसले. दुकानात पाणी कुठलं?
शेवटी पोऱ्या शेजारच्या हॉटेलातून जार घेऊन आला,
भांड्याखाली टब सरकवला.
अम्मानं पिशवीतून मूठभर कतरण काढली,
विडीच्या पानाची.
(ती पिशवी तिच्याबरोबर दवाखान्यातसुद्धा होती.)

पंचेचाळीस वर्षं चेकरसमोर ती बसली होती
सूप मांडीवर घेऊन,
आणि तो बंडलं उलटीपालटी करून
छाट बाजूला टाकायचा, तिच्याकडं न बघता.
आज चेकर ती होती.

पहिल्या भांड्यात पानं गोल फिरली
आणि पाहुण्यासारखी परत वर आली.
'छाट.'
दुसऱ्यात दोन तुकडे कडेला चिकटून राहिले.
'छाट.'
पोऱ्या टब ओतायला निघाला तशी ओरडली,
'फेकतोस काय रे! गाळ. तेच घाल.'
तेच तीन लिटर मग दुकानभर फिरले,
या टाकीतून त्या भांड्यात, भांड्यातून टबात.
गिऱ्हाईकं जमली. कुणीतरी पैज लावली.
सातव्या भांड्यानं सगळी पानं एका घोटात गिळली.
अम्मा वाकली, आत नीट बघितलं,
आणि पदरानं कड पुसली
जशी घरात आलेल्या पोराची नाक पुसतात.

पाचशे रुपये तिनंच कमी करून घेतले.
कसे, ते मला कळलं नाही;
अर्धं बोलणं तेलुगूत होतं
आणि तय्यबभाईंना तेलुगू येत नाही.

प्लंबर इस्माईल दोन दिवस खपला.
पद्मजानं पोरांना बजावलं, मोठं बटण खेळायला नाही.
अम्मानं त्याच्यावर विडीच्या बंडलाचं
लाल लेबल चिकटवलं.
दाबायचं तर आधी ते सोलावं लागायचं,
आणि सोलेपर्यंत माणूस विचार करतो.
आठवड्यात लेबल भिजून गेलं.
सवय तेवढी राहिली.

मी गच्चीवर जाऊन काठी बुडवून बघायचो.
पहिल्या खेपेला वाटलं, काठी चुकली.
चौथ्या दिवशी संध्याकाळी
टाकीत कोपरापर्यंत पाणी.

गुरुवारी दुपारी घरी आलो
तर ओट्यावर अम्मा उन्हाला पाठ देऊन बसलेली,
पांढरे केस मोकळे, खांद्यावर टॉवेल,
आमच्याच कारखान्यातला, सेकंड क्वालिटीचा.
केसांच्या टोकांतून
पाठीवर थेंब गळत होते, ती पुसत नव्हती.
समोरून अंबव्वा थबकली.
'काय गं, आज पाणी आलं होतं?'
पाण्याला अजून एक रात्र होती.
'नाही,' अम्मा म्हणाली
आणि फणी हातात घेतली.