हात खाली

मोहाडीच्या पॅकहाउसमध्ये दर गुरुवारी
मी योग शिकवायला जाते.
नाशिकहून स्कूटरवर पाऊण तास,
मागच्या सीटला बांधलेल्या बारा चटया.
बागाईतदारांना परदेशी गिऱ्हाइकाच्या फाइलसाठी
कामगार कल्याणाचा एक फोटो हवा होता.
तो पहिल्याच दिवशी निघाला.
पुढचे गुरुवार कुणी मोजत नाही.

फोटोवाला गेल्यावर म्हटलं, आता खरं ताडासन.
श्वास घ्या, हात वर, आणखी वर,
बोटांनी आभाळाला शिवा.
कुणी हललं नाही.
मग भोयेंची यमुना पदरात हसली
आणि ते हसू रांगेतून पळालं
पाटात पाणी सोडावं तसं.
"बाई, सकाळी आठपासून हात वरच हायेत.
मण्याला मणी चिकटलाय,
एकेक कातरून घड विरळ करायचा,
मान मागं, डोळ्यात कचरा.
आभाळ कुठलं?
आमच्यावर मांडव हाय."

बारा वर्षं शिकवतेय मी.
कॉलेज रोडला, तिसऱ्या मजल्यावर,
संगणकापुढून उठून येतात वाकलेली माणसं,
त्यांना वर बघायला लावते.
हात खाली कसे आणायचे
हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

बरं, म्हटलं. मग सोडा खाली.
नुसते लोंबू द्या.
येईना.
कोपरं छातीपाशीच थबकलेली,
बोटं कात्री धरल्यासारखी वाकडी.
सोनी गावितचा उजवा अंगठा
तिने डाव्या हाताने उघडला,
पेटीची कडी काढावी तसा.

शवासनाची तर वेगळीच पंचाईत.
दिवसाउजेडी आडवं?
"बाळंतपणात पडले होते," जिजा आठवून म्हणाली.
"मी टायफाइडला," मागून कुणीतरी.
मुकादम बघंल म्हणून दोघी बसूनच राहिल्या,
दाराकडे तोंड करून.
बाकीच्या खोक्यांच्या भिंतीआड पडल्या,
डोळे टक्क उघडे, पत्र्यावर.
पावलं सैल, मी म्हणाले. पोटऱ्या सैल. गुडघे...
गुडघ्यापाशीच कुणीतरी घोरू लागलं.
मी पुढचं शरीर तसंच राहू दिलं.

डिसेंबरात एकदा लवकर पोचले,
थॉमसनच्या ओळीत शिरले,
यमुनाकडून कात्री मागून घेतली.
सातव्या घडाला मान नाही म्हणाली.
दहाव्याला
हात माझेच आहेत का, ते बघावं लागलं.
आणि श्वास!
तो कधी सुटला हातातून, कळलंसुद्धा नाही.

जिजाने काही न विचारता
मला उपड्या क्रेटवर बसवलं.
कनवटीची बाटली काढली,
मोहट्यांचं तेल, पेठहून आणलेलं,
थंडीनं थिजलेलं. तळव्यावर घासघासून पातळ केलं
आणि अंगठा नेमका तिथं रोवला
जिथं मी तक्त्यावर काठी ठेवून
स्नायूचं लॅटिन नाव सांगते.
"माझी आय हिला चिमणी म्हणायची," ती म्हणाली.
"दाबली का उडती.
पण तू धरून बसलीस."

धरून बसले होते खरी.
काय, ते मलाही सांगता येणार नाही.
द्राक्षांच्या पानांतून ऊन खाली पडत होतं
तुकड्यातुकड्यांनी, आणि मला
उगाच, भर दुपारी,
रडू येत होतं. जिजाने तेलाचे हात
माझ्याच ओढणीला पुसले.

आता गुरुवारी आधी पाठी.
दोघी-दोघी, आळीपाळीने,
जिच्या हाताला जे लागेल ते शोधायचं.
माझी आसनं उरल्या वेळात,
तेवढा उरला तर.

तो फोटो ऑफिसात लावलाय,
सर्टिफिकेटच्या शेजारी, काचेत.
बारा जणी, चोवीस हात, सगळे वर.
सोनी पगाराला रांगेत उभी राहिली
की कोपराने मला ढोसते:
"बघ बाई,
अजून खाली न्हाई आलं."