फूटपट्टी

खांब तसा ओळखीचाच.
सहा वर्षं त्याला बिलगून वळलेय मी.
त्या दिवशी सूर बोटभर आत पडला
आणि कानशिलाला कळलं, लाकूड म्हणजे काय.
पुढचं नीट आठवत नाही.
चुन्याची रेघ आठवते, वाकडी झालेली,
आणि गुंडला मॅडम विचारतायत, "आज वार कोणता, वैष्णवी?"
मी म्हणाले, खो.

स्कॅन साफ निघाला.
टाका नाही, सूज नाही, दाखवायला काहीच नाही.
अम्मानं मीठ-मिरची उतरवून टाकली.
मैत्रिणी म्हणाल्या, "ठणठणीत तर हाय की बे!"
डॉक्टर बोलले होते: झोप, अंधार, मोबाईल नको,
मी सांगेपर्यंत गाडी नको.
पण इतक्या हळू, की तीस वर्षं
यंत्रमागाशेजारी उभ्या राहिलेल्या नान्नांना
त्यातलं फक्त "साफ" ऐकू आलं.
मला सगळं ऐकू आलं होतं.
लायसन्स हातात येऊन अकरा दिवस झाले होते.

नवव्या दिवशी टॉवेलचे दोन गठ्ठे पायाशी ठेवून
स्कूटी काढली. अशोक चौकाकडे.
ऊन मार्चचं होतं, डोळ्यांत मे घुसला.
हॉर्न कानाऐवजी दातांत वाजत होते.
पाट्या वाचायला घ्याव्यात, तोवर मागे पडत,
मराठी काय, तेलुगू काय, सगळ्या अर्ध्याच.

गल्लीतून एक पोरगी आली.
दप्तर, पाण्याची बाटली, एक मोजा घसरलेला.
मला ती दिसली. हे आधी सांगून ठेवते.
मोजासुद्धा दिसला.
डोळ्यांनी हाताला खो दिला,
थाप पाठीवर बसली,
आणि हात तसाच बसून राहिला,
पहिल्यांदा मैदानात आलेली पोर बसते ना,
मला? मला दिला का?
मग उठला.

चाक बाटलीला लागून थांबलं.
बाटली घरंगळत गटारापर्यंत गेली.
पोरीनं उचलली, झाकण तपासलं,
"अक्का, दिसंना का तुला?"
आणि गेली.
कुणी जमलं नाही.
पानवाल्यानं मानही वर केली नाही.
साखर पेठेपर्यंत स्कूटी ढकलत आणली मी,
गठ्ठ्यांसकट.

रात्री सांगितलं. नान्नांना ओरडून सांगावं लागतं,
म्हणून शेजारच्या बोद्धूलांनाही कळलं.
ते रागावले नाहीत.
टॉवेलवरून तळहात फिरवत राहिले,
चूक ते हातानंच शोधतात,
कुठे आडवा एक धागा भरायचा राहिलाय ते.
बऱ्याच वेळानं म्हणाले,
"धागा तुटला की माग आपोआप थांबतो.
तुझं चालूच राहतंय."

आता रोज संध्याकाळी धाकटा लोकेश
माझ्या उघड्या चिमटीवर फूटपट्टी धरतो
आणि न सांगता सोडतो.
हा खेळ मॅडमनी शिकवलाय.
त्याचा आकडा चौदा.
माझ्या पहिल्या दिवशी आकडाच नव्हता,
पट्टी फरशीवर वाजली आणि तो आवाज
तासभर डोक्यात फिरत होता.
मग अठ्ठावीस. सव्वीस. सव्वीस.
एकदा पुन्हा एकोणतीस,
त्या रात्री बोद्धूलांकडे लग्नाचा बेंजो होता.
लोकेश खडूनं भिंतीवर लिहून ठेवतो.
परवा त्यानं बावीस लिहिलं.
आले होते पंचवीस.
मी पाहिलं. मी पाहिलेलं त्यानं पाहिलं.
थुंकी लावून पुसलं बिचाऱ्यानं.

किल्ली मागाच्या खोलीत खिळ्याला आहे.
माझा हात तिथवर सहज पोचतो,
उशिरा का होईना.

"सोड की रे," मी म्हणते.
"सांगून सोडत नसतात, अक्का."
मी चिमटी उघडी ठेवून बसते,
चौकोनात बसायचे तशी,
पाठ ताठ, कान मागे.