बिडाचे बुधवार

लग्नानंतर चौथ्या महिन्यात मी तांपेरेला गेले.
सुकुमारनं विमानतळावर आधी हातमोजे दिले, मग फूल.
शहाणा माणूस.

थंडीचं सगळ्यांनी सांगितलं होतं,
तिच्यासाठी दोन स्वेटर आणि मेतकूट बांधून दिलं होतं.
शांततेचं कुणी बोललं नाही.
सकाळी आठला तो कामावर गेला की
खिडकीत अंधार
आणि फ्रीजसुद्धा दबकत चालणारा.

मी उद्यमनगरची.
आमच्या भिंतीपलीकडे आण्णांचं सहा फुटी लेथ,
त्याच्या घरघरीत मी पाढे पाठ केले,
तापात झोपले,
सुकुमारला पहिल्यांदा "हो" म्हटलं तेही ओरडून.

आण्णांना फोनवर बोलता येत नाही.
"जेवलीस?"
"जेवले."
"बरं."
पुढं दोघांनी एकमेकांचे श्वास ऐकायचे.
एका बुधवारी मीच म्हटलं,
आण्णा, फोन जरा लेथपाशी ठेवा.
का, ते त्यांनी विचारलं नाही.
ठेवला.

माइल्ड स्टीलची बर लांब निघते, कुरळी,
तिचा आवाज एका सुरात.
पितळ फार लाडिक.
बीड मात्र खरखरतं, कोरडं, तुटक,
पत्र्यावर कुणी वाळू ओततंय तसं.
"आज बीड लावलंय न्हवं?"
"होय की. पंपाची बॉडी हाय."
आवाजात केवढा अभिमान!
मग दर बुधवारी बीडच असायचं.
चार हिवाळे मी त्यावर कांदे चिरले.

यंदा एकोणीस दिवसांसाठी आले.
गंगावेशीत कट्ट्यावर उभी राहून धारोष्ण दूध प्याले,
ओठावरचा फेस मुद्दाम पुसला नाही.
घरी आल्यावर कारखान्याचं शटर वर केलं
तर आत
काँक्रीटमध्ये चार बोल्टांची भोकं
आणि तेलाचा काळा, लांबट डाग.

चहावाला पोरगा दारातच थबकला.
"मशीन इकून दोन वर्सं झाली की, ताई.
हात थरथरतोय न्हवं आण्णांचा.
तुमास्नी ठावं न्हाई?"

मी म्हटलं, ठावं आहे.
चहा घेतला.
आण्णांना काही विचारलं नाही.

बुधवारी साडेअकराला त्यांनी टोपी घातली,
फोन खिशात टाकला, दारापर्यंत गेले
आणि मला सोफ्यावर बघून घोटाळले.
"जरा जाऊन येतो."
"या."

दोन गल्ल्या मागं राहून मी गेले.
दस्तगीर मिस्त्रींच्या शेडमध्ये
मशीनशेजारी भिंतीला खिळा,
खिळ्याला सायकलच्या ट्यूबची वादी,
बरोबर फोन बसेल एवढी.
"आज कशाला आलासा?" मिस्त्री म्हणाले,
"पोरगी तर घरात हाय.
बीड ठेवलंय म्हणा बाजूला काढून, नेहमीगत."
आण्णा नुसतेच स्टुलावर बसले,
हातात फोन, उलटा.
मिस्त्रींनी मशीन चालू केलं.

मी टेम्पोच्या आडोशाला उभी.
आवाज थेट आला, मध्ये समुद्र नाही, बर्फ नाही,
आणि मला ओळखूच येईना.
फार जाड होता तो, फार जवळ,
गल्लीतल्या सगळ्या मशिनींत मिसळलेला.
जो ऐकून मी जगले तो बारीक होता,
चिमटीत मावणारा.

मी फोन लावला.
वीस पावलांवर आण्णांच्या हातात तो वाजला.

"जेवलीस?"
"जेवले."
"बरं."
ते उठले. हात थरथरत होता,
वादीत फोन बसवायला तीनदा प्रयत्न करावा लागला.
मी दुसऱ्या कानात बोट घातलं, घट्ट,
डोळे मिटले,
आणि मग कुठं ते ऐकू आलं.
बीड.